मरळीनं काय खाल्लं? नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका, भिलाई-3 आवृत्ती

डीएनए हा शब्द ज्यांनी फक्त कोर्टाच्या बातम्यांत ऐकला आहे आणि मासा फक्त ताटात पाहिला आहे, अशांसाठी ही मार्गदर्शिका आहे. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करणाऱ्यांनीही वाचायला हरकत नाही, कारण प्रकल्पाची तारीख जवळ आली की त्यांची अवस्था साधारण अशीच असते. राहण्याची जागा छत्तीसगढात, भिलाई-3 किंवा तिच्या आसपास असावी. तळं, डास, मरळ आणि कूलर ही चारही साधनं पायी जाण्याच्या अंतरावर असलेली दुसरी जागा मला सुचवता येत नाही. मराठी माणसाला हे गाव परकंही वाटू नये. 4 फेब्रुवारी 1959 ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन केलं, त्या काळापासून नागपूर-भंडाऱ्याकडच्या कितीतरी घरांतला एखादा काका ‘भिलाईला असतो’. त्या काकाकडे उतरावं. मात्र मासे घेऊन त्याच्या फ्रिजपर्यंत पोचण्याआधी काकूंची परवानगी घ्यावी. या संशोधनातली ही पहिली परवानगी, आणि सर्वांत अवघडही.

पद्धत एका दमात सांगतो. प्राण्याच्या पेशीत मायटोकॉन्ड्रिया असतात, त्यांचा स्वतःचा छोटा डीएनए असतो आणि त्यात सीओआय नावाचं एक जनुक असतं. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठातले पॉल हेबर्ट यांनी 2003 साली असं मांडलं, की या जनुकातली सुमारे साडेसहाशे अक्षरं वाचली तरी प्राण्याची जात ओळखता येते. एकाच जातीतल्या दोन प्राण्यांत ही अक्षरं जवळजवळ सारखी असतात, दोन जातींत बऱ्यापैकी वेगळी. दुकानातल्या मालावरच्या काळ्या रेघांवरून त्यांनी याला बारकोड म्हटलं. तेव्हा मरळीच्या पोटातला लगदा घ्यायचा, त्यातली ही अक्षरं वाचायची आणि जगभरच्या संशोधकांनी जमवलेल्या यादीशी ताडून पाहायची. मरळ काय जेवली ते कळतं.

मार्गदर्शिका इथेच संपवता आली असती. पण ‘मासा धुऊन फोडणीला टाका’ एवढी पाककृती जशी खरी असते, तसंच हे खरं आहे.

मशीनच्या आधी प्रश्न

नवशिक्याला पहिला मोह होतो तो ‘तळ्यातलं सगळंच बघू’ असा. सगळं बघायला निघालेल्या माणसाला अनुदान मिळतं, उत्तर मिळत नाही. छोटा प्रश्न घ्या. भिलाईत तो आयता पडलेला आहे.

2018 च्या पावसाळ्यात भिलाईत डेंग्यूची मोठी साथ आली. माणसं दगावली, वस्त्यावस्त्यांत धूर फिरला, घरोघरी कूलर उपडे झाले. अशा साथीत देशातल्या कुठल्याही शहरात एक उपाय हमखास पुढे येतो : पाण्यात डासखाऊ मासे सोडा. या माशांतला सर्वांत मानाचा मासा गॅम्बुसिया. हा मूळचा अमेरिकेतला. भारतात तो 1928 साली आला, तोही मलेरियाच्या डासांचा बंदोबस्त करायला. बोटाच्या दोन पेरांएवढा असतो, अंडी न घालता थेट पिलं देतो आणि कसल्याही पाण्यात तग धरतो. सरकारी योजनेला लागणारे सगळे गुण त्याच्यात आहेत.

आता नवशिक्याला वाटतं, की प्रश्न तयारच आहे : गॅम्बुसियानं डेंग्यूच्या डासाच्या अळ्या खाल्ल्या का? मासे पकडू, आतडी काढू, बारकोड वाचू.

थांबा. डेंग्यू पसरवणारी एडिस इजिप्तीची मादी अंडी घालते कूलरच्या टाकीत, टायरात, गच्चीवरच्या डब्यात, कुंडीखालच्या बशीत. तिला बऱ्यापैकी स्वच्छ आणि थोडं पाणी लागतं. अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भिंतीला चिकटवलेली असतात. टाकी वाळली तरी ती कित्येक महिने टिकतात आणि पुढच्या उन्हाळ्यात काकांनी कूलरमध्ये पहिली बादली ओतली की जागी होतात. गॅम्बुसिया सोडले जातात नाल्यात आणि तळ्यात. म्हणजे शिकारी एका पत्त्यावर आणि शिकार दुसऱ्या. या दोघांची गाठच पडत नसेल तर कोणी कोणाला खाल्लं हे शोधायला डीएनए कशाला हवा? काकांच्या गच्चीवर एकदा जाऊन आलं तरी पुरे. पंधरवड्याचं काम वाचलं, आणि मार्गदर्शिकेचे पैसेही इथेच वसूल झाले.

खरा प्रश्न याच्या शेजारीच आहे. नाल्यात आणि तळ्यात सोडलेला गॅम्बुसिया तिथे काय खातो? नाल्यात क्युलेक्स डासाच्या अळ्या भरपूर असतात. त्या खात असेल तर चांगलंच. पण हा मासा बेडकांची लहान पिलं आणि दुसऱ्या माशांची अंडीही खातो, म्हणून जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी उपऱ्या जीवांच्या यादीत त्याचं नाव आहे. तो आला तर कोणाच्या तोंडचा घास गेला, हे विचारण्यासारखं आहे. त्याच्याही आधीचा प्रश्न असा, की 1928 च्या पूर्वी या तळ्यांतल्या अळ्या कोण खात होतं? कोणीतरी खातच असणार. ते कोण, आणि अजून शिल्लक आहे का? नवशिक्यानं हा प्रश्न घ्यावा अशी माझी शिफारस आहे. त्यात सरकारचा राग नाही, अनुदानाचा लोभ नाही, आणि कामाला लागणारे प्राणी फुकट मिळतात.

कोणाचं पोट उघडायचं

एक साधा नियम आधी पाठ करा. भिंगातून जे दिसतं त्यासाठी डीएनए वापरू नये. चतुराची अळी पाण्यात असते आणि तिचा खालचा ओठ हातासारखा पुढे झेपावून शिकार पकडतो. ती शिकार चावून खाते. तिच्या आतड्यात अळ्यांच्या डोक्यांच्या कवट्या, पाय, केस सापडतात. चांगला सूक्ष्मदर्शक आणि संयम असलेला कोणीही त्यावरून निदान प्राण्याचा गट सांगू शकेल. जातच हवी असेल तर पुढे बारकोडकडे जा.

पाण्यातल्या ढेकणांची गोष्ट निराळी. त्यांना दात नसतात, सोंड असते. ते ती शिकारीत खुपसतात, आत पाचक रस सोडतात, आतला माल पातळ झाला की शोषून घेतात आणि रिकामं कातडं टाकून देतात. यांचं पोट उघडलंत तर आत फक्त सूप. सूक्ष्मदर्शकाखाली जगातला सर्वांत मोठा तज्ज्ञही मान हलवेल. बारकोडिंगचं खरं चीज इथे होतं. हे ढेकूण तुम्ही नक्की पाहिले आहेत. तळ्याकाठी शेवाळ उपसलं की पाठीवर दाटीनं अंडी चिकटलेला एक चपटा तपकिरी किडा निघतो, तो त्यांच्यातला नर. मादी अंडी त्याच्या पाठीवर घालून निघून जाते आणि तो ती फुटेपर्यंत वागवतो. अशाला नमुना म्हणून घेऊ नका. नियमात हे बसत नाही, पण मार्गदर्शिका माझी आहे.

मग मरळ. ती हवेतून श्वास घेते, चिखलात उन्हाळा काढते आणि तोंडात मावेल ते गिळते. तळ्यातल्या अन्नसाखळीच्या वरच्या टोकाला ती बसलेली असल्यामुळे नवशिक्यांना तिचं आकर्षण फार. आकर्षण ठीक आहे. तिच्या पोटातून निघणारी यादी वाचणं किती कठीण आहे, ते पुढे येईल.

आणि एक इशारा. ‘पोट काढा’ असं सगळ्याच प्रयोगवह्यांत लिहिलेलं असतं. रोहूला, कटल्याला पोट नसतं. गॅम्बुसियालाही नसतं. गिळलेलं सरळ आतड्यात उतरतं. आत जठर शोधत बसलेला नवशिक्या शेवटी पोहण्याची पिशवी काढतो आणि तीच बाटलीत भरतो. या माशांत आतड्याचा पुढचा भाग घ्या. मरळीला मात्र खरंखुरं जठर आहे.

तळ्यावर

छत्तीसगढ हा तळ्यांचा मुलूख. इथे तळ्याला तरिया म्हणतात आणि मोठेपण सांगायचं असेल त्या गावाचं वर्णन ‘छै आगर छै कोरी’ तळ्यांचं गाव असं करतात : सहा विसांवर सहा, म्हणजे एकशे सव्वीस. दुर्ग जिल्ह्यातलं धमधा त्यासाठी ओळखलं जातं. भिलाई-3 आणि चरोदाच्या बाजूला रेल्वेचे रूळ आणि जी.ई. रोड यांच्यामध्ये अजूनही तळी आहेत. कुठे गणपती बुडतात, कुठे छठला दिवे लागतात, कुठे म्हशी बसतात, आणि पुष्कळदा एकाच तळ्यात हे सगळं होतं.

तळं सार्वजनिक दिसलं तरी त्यातले मासे सार्वजनिक नसतात. बहुतेक तळी मासेमारीसाठी ठेक्यानं दिलेली असतात, बरेचदा केवट-ढीमर लोकांच्या सहकारी समितीला. जाळं आणि बाटल्या घेऊन काठावर बसलात की थोड्याच वेळात मागून आवाज येतो, “का करत हस गा?” या प्रश्नाला ‘सीओआय जनुकाचा अभ्यास’ हे उत्तर देऊ नये. “मरळ काय खाते ते बघतोय,” असं सांगावं. समोरचा माणूस हसेल, आणि काय खाते ते सांगेल. ते वहीत लिहून घ्या, तारखेसकट. पुढे तुमच्या निकालाशी ताडायला याच्याइतकी चांगली यादी मिळणार नाही. कोणत्या ऋतूत कोणती मासोळी कोणत्या काठाला असते, मरळीची लालसर पिलं गोळ्यानं कधी फिरतात आणि त्यांच्यावर आई-बाप कसे पहारा देतात, हे त्यांना ठाऊक असतं. त्यांना ठाऊक नसतं ते एवढंच, की पाणढेकणानं शोषलेली अळी क्युलेक्सची होती की अॅनोफेलीसची. तेवढं तुम्ही सांगा. व्यवहार बरोबरीचा होतो.

मरोद्याच्या जलाशयावर उत्साहानं जाऊ नका. ते पाणी कारखान्याला जातं आणि तिथला पहारेकरी शास्त्रप्रेमी असेलच असं नाही. कासव आणि बेडूक यांना वनखात्याच्या परवानगीशिवाय हात लावू नये. त्यांचं पोट तुमच्या प्रकल्पापेक्षा कायद्याला प्रिय आहे.

मासा पकडायचा कसा, यावर थोडं रेंगाळतो, कारण बहुतेक प्रकल्प इथेच बिघडतात आणि बिघडल्याचं शेवटपर्यंत कळत नाही. बांबूचा सापळा, इथल्या भाषेत चोरिया, रात्री लावून सकाळी काढणं सोपं. पण त्या सापळ्यात रात्रभर कोण कोणाबरोबर कोंडलेलं होतं? मरळ आणि डझनभर लहान मासोळ्या. तळ्यात ज्या मासोळीमागे मरळ कधी गेलीही नसती, ती इथे तिच्या तोंडाशी बांधून दिलेली. सकाळी तिच्या पोटात जे सापडेल तो तिचा आहार नाही, तुमची मेजवानी आहे. निकालाचा कागद मात्र बारकोडसकट बिनचूक असतो. म्हणून फेकजाळं वापरा, ओढलं की लगेच मासे वेगळे करा, आणि एका बादलीत दोन जाती ठेवू नका. पाणकिड्यांचंही तसंच. एका डब्यात दहा ढेकूण भरलेत तर घरी नऊच पोचतात.

पकडल्यावर घाई करा. मासा मेला म्हणून त्याचं पचन थांबत नाही. आतला रस काम करतच राहतो आणि डीएनएचे तुकडे होत जातात. भिलाईच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळीसकडे निघालेला असताना, ही क्रिया फारच मन लावून चालते. गार पाण्याच्या देशात शिकारीचा डीएनए आतड्यात दोन-तीन दिवसही सापडू शकतो. आपल्या कोमट तळ्यात काही तासांच्या हिशेबानं चला. बर्फ आधी घ्या, मासे मग. बर्फ मासळीबाजारात मिळतो, फक्त त्याच पेटीत आधी झिंगे ठेवलेले नव्हते ना ते विचारा. नाहीतर तुमची मरळ समुद्रापासून शेकडो किलोमीटरांवर कोळंबी खाऊन बसेल.

नंतर अल्कोहोल. लागतं ते पंचाण्णव टक्क्यांच्या वरचं. छत्तीसगढात दारूची दुकानं सरकारच चालवतं, पण त्या बाटलीत 42.8 टक्केच असतं. तेवढ्यानं माणूस बिघडतो, नमुना टिकत नाही. महाविद्यालयातून रीतसर घ्या. आणि कपाटातला फॉर्मलिनचा कॅन दिसला तर तो परत आत ठेवा. फॉर्मलिननं मासा शंभर वर्षं छान दिसतो, पण त्याचा डीएनए एकमेकांत असा गुंततो की वाचण्याजोगं फारसं हाती लागत नाही. प्राणिशास्त्र विभागांच्या काचेच्या बरण्यांतले पिवळे पडलेले मासे फक्त बघण्यासाठी आहेत.

चिठ्ठीचा प्रश्न

इथे गावाच्या नावाकडे यावं लागतं. नळीवर ‘भिलाई 3’ लिहिलंत तर पंधरा दिवसांनी ती भिलाई-3 ची पहिली नळी आहे, की भिलाईची तिसरी, हे देवालाही सांगता येणार नाही. ‘भिलाई 3-3’ लिहिलंत तर तुम्ही मुद्दामच भांडण लावलं. तळ्याला अक्षरी नाव द्या, प्राण्याला क्रमांक द्या, तारीख लिहा. हे सगळं पेन्सिलीनं कागदाच्या तुकड्यावर लिहून तुकडा नळीच्या आत टाका. बाहेरून लिहिलेली मार्करची शाई अल्कोहोलचा एक थेंब सांडला की पुसली जाते, आणि थेंब सांडतोच.

प्रयोगशाळेत

भिलाई-3 च्या डॉ. खूबचंद बघेल महाविद्यालयात किंवा दुर्गच्या विश्वनाथ यादव तामस्कर महाविद्यालयात ओळख काढा. दुसऱ्या नावातला तामस्कर वाचून मराठी माणसाला उगीच घरी आल्यासारखं वाटतं. त्या वाटण्यावर पीसीआरचं यंत्र मिळत नसतं, अर्ज करावाच लागतो.

आतडं काढताना प्रत्येक प्राण्यासाठी नवं पातं घ्या. चिमटे ब्लीचमध्ये बुडवून, धुऊन, ज्योतीवरून फिरवा. आतल्या लगद्यात प्रोटिनेज-के हे विकर घालून 56 अंशांवर ठेवलं की मांस विरघळतं. मग डीएनए गाळून घ्यायचा. यात शौर्य काही नाही, तयार किट येतात आणि त्यांच्यासोबत आलेला कागद या मार्गदर्शिकेपेक्षा सोपा असतो.

पीसीआर म्हणजे झेरॉक्सचं दुकान. कॅरी मुलिस यांना 1983 मध्ये हे सुचलं आणि 1993 मध्ये त्याचं नोबेल मिळालं. नमुना तापवायचा, थंड करायचा, परत तापवायचा. दर फेरीला हव्या त्या तुकड्याच्या प्रती दुप्पट होतात आणि पस्तीसेक फेऱ्यांत अदृश्य वस्तूचा ढीग पडतो. एवढ्या उष्णतेतही न बिघडणारं विकर अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम झऱ्यांतल्या जीवाणूतून आलं. आपल्याकडे बलरामपूर जिल्ह्यात तातापानीचे गरम झरे आहेत. तिथे लोक भक्तिभावानं अंघोळ करतात. मी कोणाला दोष देत नाही.

दुकानदाराची अडचण अशी, की जो कागद ढिगानं पुढे येतो त्याच्याच तो प्रती काढत बसतो. मरळीच्या जठरातून खरवडलेल्या लगद्यात सगळ्यांत जास्त डीएनए कोणाचा? मरळीचाच. जठराचं अस्तर तिचं, रस तिचे. तुम्ही मोठ्या आशेनं निकाल उघडता आणि कळतं, की मरळीच्या पोटात मरळ आहे. यावर दोन उपाय आहेत. एक, मरळीच्या अक्षरांवर जाऊन बसेल आणि तिच्या प्रती निघू देणार नाही असा अडसर घालणं. दोन, फक्त डासांना किंवा फक्त बेडकांना लागू पडतील असे प्रायमर, म्हणजे प्रत कुठून काढायची ते ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे, वापरणं. दुसरा उपाय स्वस्त. पण त्यात तुम्ही जे विचारलं तेवढंच उत्तर मिळतं. डासांचे प्रायमर लावणाऱ्याला डासच दिसतात.

पूर्ण साडेसहाशे अक्षरांचा हट्टही सोडा. जठरातून आलेला डीएनए चावलेला, भिजलेला, तुटलेला असतो. शंभर-दोनशे-तीनशे अक्षरांचे तुकडे मागा, ते मिळतात. आणि एक नळी अशी ठेवा, जिच्यात सगळं घातलं आहे, फक्त नमुना नाही. तिच्यातही काही उगवलं तर त्या दिवसाचं सगळं काम फेकून द्या. ही नळी बिनपैशाची असते आणि नवशिक्या नेमकी हीच वाचवतो.

अक्षरं वाचण्याचं काम हैदराबाद-बंगळूरकडच्या कंपन्या करतात. एका पोटात एकच शिकार असेल तर जुनी पद्धत चालते. चार असतील तर तिचा आलेख चार माणसं एकदम बोलल्यासारखा येतो आणि मग सगळे तुकडे सुटे-सुटे वाचणारी नवी पद्धत घ्यावी लागते. खर्च विचारून घ्या, खाली बसून.

निकाल हाती आल्यावर

आता खरी मजा. तुमच्यासमोर जातींची यादी आहे आणि प्रत्येकीपुढे किती टक्के जुळलं ते लिहिलं आहे.

यादीत ‘होमो सेपियन्स’ असेल तर पोलिसांना कळवू नका. मरळीनं माणूस खाल्लेला नाही. तुम्ही हातमोज्यांशिवाय काम केलं किंवा उघड्या नळीवर वाकून मित्राशी मॅचबद्दल बोललात.

कोंबडी असेल तर मात्र जरा थांबा. तीही तुमच्या डब्यातून आलेली असू शकते. पण चिकनच्या दुकानांची आतडी-पिसं तळ्यात टाकली जातात आणि मासे ती आनंदानं खातात. थाई मागूर तर पुष्कळ ठिकाणी कत्तलखान्याच्या कचऱ्यावरच पोसला जातो. देशात 2000 सालापासून बंदी असूनही तो छुपेपणानं पाळला जातो आणि पुण्याकडेही मत्स्यखात्याला टनांनी नष्ट करावा लागला आहे. तुमच्या तळ्यातल्या माशात कोंबडी निघाली तर तुम्ही परिसंस्था नव्हे, बाजार मोजलात. निष्कर्ष म्हणून तोही वाईट नाही. नगरपालिकेला त्यात रस असायला हवा.

गणपती विसर्जनानंतरच्या आठवड्यात नमुने घेतले असतील तर यादी उपासाची वाटेल. तळं निर्माल्यानं आणि लाह्यांनी भरलेलं, मासे फुगलेले, आणि कागदावर काहीच नाही. मासा उपाशी नव्हता. सीओआय वनस्पतींची जात ओळखायला कामाचं नाही. त्यांच्यासाठी 2009 पासून आरबीसीएल आणि मॅटके ही दोन वेगळी जनुकं ठरली आहेत. तुम्ही लाह्या शोधायलाच गेला नव्हता.

आता मरळीच्या यादीत क्युलेक्स डास आला. नवशिक्या लगेच लिहितो : मरळ डासांच्या अळ्या खाते, म्हणून तळ्यात मरळ सोडावी. हा निष्कर्ष उद्या वर्तमानपत्रात येईल आणि परवा त्याचं टेंडर निघेल. पण मोठी मरळ एवढ्या बारीक अळीमागे कशाला जाईल? तिनं एक लहान मासोळी गिळली. त्या मासोळीनं तासापूर्वी अळ्या खाल्ल्या होत्या. मासोळीच्या पोटातला डीएनए मरळीच्या पोटात आला आणि कागदावर दोघांची नावं एका ओळीत, शेजारी-शेजारी आली. यंत्राला पोटातलं पोट दिसत नाही. मासोळीचं आणि अळीचं नाव नेहमी जोडीनंच येतं का, हे सगळ्या मरळींत मिळून बघा. जोडीनंच येत असेल तर संशय घ्या.

मेलेलं खाल्लं की मारून खाल्लं, हेही कळत नाही. अंडं खाल्लं की पिलू की मोठा प्राणी, तेही नाही, कारण तिन्हींचा बारकोड एकच. किती खाल्लं ते जवळजवळ नाहीच. नव्या पद्धतीत प्रत्येक नावापुढे हजारांत आकडे येतात आणि ते वजनासारखे वाचण्याचा मोह होतो. पण एखाद्या प्राण्यावर प्रायमर चांगला बसतो, एखाद्यावर नाही. आकडा प्रायमरच्या आवडीचा असतो, मरळीच्या नव्हे. ‘इतक्या मरळींपैकी इतक्यांत सापडलं’ असं लिहा. त्याला कोणी खोडू शकणार नाही.

आणि मरळीनं मरळ खाल्ली का? मोठ्या मरळी लहानांना खातात, हे तळ्यावर भेटलेल्या त्या माणसानं तुम्हाला सांगितलं असेल. तुमच्या सगळ्या यंत्रसामग्रीला ते शोधता येणार नाही. खाणारा आणि खाल्लेला एकाच जातीचे, अक्षरं तीच, आणि अडसर तर तुम्हीच घातलेला. इथे सूक्ष्मदर्शकाकडे परत जा आणि खवले मोजा.

शेवटी अशी नावं येतील ज्यांना यादीत जुळणीच नाही. पंच्याऐंशी-नव्वद टक्के जुळलेलं एखादं दूरचं नातेवाईक दाखवलं जाईल, बहुधा दुसऱ्याच खंडातलं. भारतीय माशांचे बारकोड लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोनं आणि इतरांनी बरेच जमवले आहेत. पण आपल्या तळ्यांतले पाणकिडे, गोगलगायी, जळवा अजून पुष्कळ बेनाव आहेत. अशा वेळी जवळचं नाव चिकटवून मोकळं होऊ नका. तळ्यावर परत जा, तो प्राणी अख्खा पकडा, जाणकाराकडून नाव ठरवून घ्या, मग त्याचा बारकोड वाचून यादीत घाला. म्हणजे पोटातलं ओळखण्यासाठी आधी तळं ओळखावं लागतं. हे काम खरं तर पहिलं होतं. पण तुम्हाला सुरुवातीलाच सांगितलं असतं तर तुम्ही वनस्पतिशास्त्र घेतलं असतं.

ज्या मरळीचा, ज्या ढेकणाचा बारकोड काढला तो प्राणी फेकू नका. उद्या कोणी या जातीच्या दोन जाती केल्या, किंवा तुमची ती मरळ नव्हेच असं म्हटलं, तर दाखवायला तो प्राणी लागतो. त्याच्याशिवाय अक्षरांची ओळ निराधार आहे. चिठ्ठीसकट अल्कोहोलच्या बरणीत तो महाविद्यालयाच्या संग्रहात ठेवा, आणि रस्सा करायचा असेल तर भिलाईतल्या पॉवर हाऊसच्या बाजारातून काकूंसाठी दुसरी मरळ आणा. पोट साफ करून देतात, तेवढं मात्र मागून घ्या.